नावेच्या लाकडाची निगा

माझ्या लहानपणी राधानगरीच्या लक्ष्मी तलावातून पलीकडच्या वाडीला जायला लाकडी नाव होती. माझे चाचा ती वल्हवीत. एका वर्षी पाऊस लांबला. दिवाळी तोंडावर आली, म्हणून चाचांनी ओल्याच फळ्यांवर ऑइलपेंटचे दोन हात मारले. नाव नवरीसारखी दिसू लागली. दोन वर्षांनी उतरताना एका बाईने काठाच्या फळीवर हात टेकला, तर फळी मोडून ती पाण्यात पडली. पाणी कमरेएवढे होते म्हणून निभावले. फळीवरचा रंग शाबूत होता, आत मात्र भुगा.

असे का झाले? लाकूड कुजवते ती बुरशी. लाकडात साधारण वीस टक्क्यांहून जास्त ओल राहिली की तिचे फावते. रंगाच्या पापुद्र्याने ओल आतच कोंडली गेली. म्हणून लाकूड आधी वाळवावे, मगच रंगवावे. आमच्याकडे होळी ते मृग हा काळ त्यासाठी उत्तम. नाव ठोकळ्यांवर पालथी घालावी, पण सावलीत. कडक उन्हात फळ्या तडकतात.

फोंडा घाट उतरून मालवण-देवगडकडे गेले, की दुखणे बदलते. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा किडा असतो. खरे तर तो शिंपल्याच्या जातीचा प्राणी. त्यासाठी कोकणातले लोक माशांचे तेल, काजूच्या टरफलांचे तेल, तळाला तेलात कालवलेला चुना लावत आले. गोड्या पाण्यात तो किडा नाही. आमचे वैरी पाऊस आणि ऊन.

फळ्या वाळल्या की जुना रंग खरवडून काचपेपर मारावा. सांध्यांत कापूस ठासून वर लांबी भरावी. फळ्यांची कापलेली टोके आणि खिळ्यांची भोके यांना आधी तेल पाजावे, कारण लाकूड टोकांकडून पाणी सर्वात वेगाने पिते. उकळलेले जवसाचे तेल पातळ हाताने लावून, अर्ध्या तासाने उरलेले पुसून घ्यावे. एक हात पुरता वाळल्यावरच दुसरा द्यावा. तेल उन्हाला फारसे अडवत नाही, म्हणून बाहेरून ऊन सोसणारे व्हार्निश लावावे. तेलाची फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना तापते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी उघड्यावर पसरून वाळवावीत.

पुढे अधूनमधून फळीवर पाणी शिंपडून पाहावे. थेंब मोत्यांसारखे उभे राहिले तर ठीक. लाकूड काळवंडून पाणी प्यायले तर नवा हात देण्याची वेळ झाली.

त्या प्रसंगानंतर चाचा ब्रश उचलण्याआधी प्रत्येक फळी ठोकून आवाज ऐकत. टणक वाजली तरच रंग. आता चाचा नाहीत, नावही नाही. पण घराच्या दाराला रंग देण्याआधी मी अजून ते ठोकून पाहतो.