झेब्रा फिश आणि मेंदूचे नवे सफाई कामगार

अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात निळ्या पट्ट्यांचा, बोटाएवढा चपळ मासा तुम्ही पाहिलाच असेल. तोच झेब्रा फिश! वाटतो फॉरेनचा, पण आहे आपल्याच देशातल्या ओढ्या-नाल्यांतला. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेतील माशांवरच्या पुस्तकात त्याची नोंद केली. आज पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही त्याच्यावर संशोधन होते. कारण माणसाच्या सुमारे ७० टक्के जीन्सना या माशात जोडीदार आहेत, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता मेंदूकडे वळू. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. त्या म्हणजे तिथले सफाई कामगार. मेलेल्या पेशी उचलायच्या, जंतूंशी लढायचं, हे त्यांचं काम. 'सीएसएफ१आर' हा जीन बिघडला की हे काम विस्कटतं. माणसात मग बहुधा ऐन चाळिशीत विसरभोळेपणा येतो, चालणं बिघडतं आणि आजार वाढतच जातो. माशात या जीनच्या दोन कॉपी असतात. दोन्ही बंद केल्या तर मेंदू जवळजवळ मायक्रोग्लियाविनाच राहतो.

मग उपाय काय? नवे कामगार पाठवा! माशाचं रक्त हाडांत नाही, तर मूत्रपिंडात तयार होतं. म्हणून तिथल्या पेशी निरोगी डोनरकडून घेतात. डोनर असा निवडतात की त्याच्या पेशी हिरव्या चमकतात. आजारी माशाला आधी रेडिएशन देऊन जागा रिकामी करतात, मग इंजेक्शन. पुढे मेंदूत हिरवे ठिपके सापडले, की समजायचं कामगार ड्यूटीवर हजर.

पण खरी मेख इथेच आहे. मोठ्या माशाचे मायक्रोग्लिया रक्ताच्या स्टेम सेलपासूनच बनतात. माणसात मात्र ते गर्भातच मेंदूत जाऊन बसतात आणि जन्मभर आपली जागा सोडत नाहीत. बाहेरच्यांना शिरकाव कठीण. तरीही या आजारात बोन मॅरो ट्रान्सप्लांट केलेल्या पेशंटची माहिती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि आशा वाढली. पण हा ट्रान्सप्लांट स्वतःच जिवावरचा असतो.

म्हणून 'स्टेम सेलने मेंदूचा कोणताही आजार बरा' अशी जाहिरात पाहून नालवाडीतल्या कुणी शेत विकायला काढलं, तर त्याला थांबवा. आयसीएमआरच्या २०१७ च्या गाईडलाइन्सप्रमाणे रक्ताचे काही आजार वगळता असा उपचार फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच देता येतो. ट्रायलची सरकारी रजिस्ट्रीत नोंद आहे का, एवढं आधी विचारा. मासा वाट दाखवतो. पण माशात जमलं म्हणजे माणसात जमलं, असं नाही.