खालच्या हातातला दोर

पहाटे ५.३० – अलिबागहून पनवेलची एसटी. सॅकमध्ये दोन दोर, हार्नेस, कॅराबिनर आणि बिले देण्याचं, म्हणजे चढणाऱ्याला खालून दोराने सांभाळण्याचं, एक नवं साधन, ग्रिग्री. येत्या शिबिरासाठी ते घ्यायचं का, हे आज ठरवायचं. आतापर्यंत आम्ही नवशिक्यांना एटीसी हे साधं साधन देत आलो. कुठे कुठे अजून फिगर ऑफ एटवरच बिले देतात. या दोन्हींत पडणारा माणूस थांबतो तो घर्षणामुळे आणि खाली दोर धरणाऱ्याच्या मुठीमुळे. पेत्झल कंपनीने १९९१मध्ये आणलेल्या ग्रिग्रीत आत एक कॅम असतो. झटका बसला की तो फिरतो आणि दोर दाबून धरतो, गाडीच्या सीटबेल्टसारखा.

७.३० – कर्नाळा. परवानगी आधीच काढलेली, गेटवर नोंद केली आणि चढायला लागलो.

९.०० – क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांचे आजोबा या गडाचे किल्लेदार होते. गडाचा अंगठ्यासारखा सुळका महामार्गावरूनही ओळखू येतो. त्याच्या कपारींत आग्या मोहोळं असतात, त्यामुळे चाचणीसाठी बरंच खालचं, झाडीतलं एक कातळ निवडलं. वर दोन भक्कम झाडांना अँकर बांधला.

९.३० – आधी दोर. साधनावर ८.५ ते ११ मिलिमीटर असं कोरलेलं आहे. आमचा ९.८चा नवा दोर सुळसुळीत गेला. १०.५चा जुना, बेसॉल्टवर घासून लव आलेला दोर मात्र अडकू लागला. मापात बसतो म्हणजे नीट चालतो असं नाही. लीडर, म्हणजे पुढे चढणारा, कातळावरच्या क्विकड्रॉत दोर अडकवायच्या घाईत "स्लॅक!" म्हणून ओरडतो आणि नेमका तेव्हाच दोर अडतो. मग खालचा माणूस अंगठ्याने कॅम दाबून धरतो आणि त्या नादात हातातल्या, खालच्या दोरावरची पकड सैल करतो. अपघाताचं बीज इथे आहे.

१०.३० – दगड भरलेलं पोतं, काट्यावर ६० किलो. मागे दोराला सुरक्षेची गाठ मारली आणि पोतं सोडलं. ग्रिग्रीने खट्‌कन धरलं. पुन्हा सोडलं, पुन्हा धरलं. मग मुद्दाम दोर उलटा ओवला. साधनाच्या अंगावर चढणारा आणि हात अशी चित्रं आहेत, तरी घाईत ही चूक कोणाच्याही हातून होऊ शकते. या वेळी पोतं थेट खाली आलं आणि मागच्या गाठीवर थांबलं. सोबत आलेल्या, बघणाऱ्या पोरांचे चेहरे उतरले, बरंच झालं. चढण्याआधी दोराला एक जोराचा हिसका देऊन पाहायचा, हे आता त्यांना वेगळं शिकवावं लागणार नाही.

दुपारी १.०० – भाकरी, ठेचा, पाणी.

२.०० – खरी परीक्षा माणसाची. एका नवशिक्या मुलीला सांगितलं, पोतं हळूहळू उतरव. पोतं वेगाने येताना दिसलं तशी तिने घाबरून हँडल आणखी जोरात ओढलं, आणि हँडल ओढलं की कॅम उघडतो. भीतीने मूठ आवळणं माणसाच्या स्वभावातच आहे. तिला बोल लावण्यात अर्थ नाही. चारपाच वेळा केल्यावर हँडल सोडून खालचा दोर आवळायचा हे तिच्या हाताला कळलं. मग तेच तिच्याकडून एटीसीवर करून घेतलं. घामेजल्या तळव्यांतून दोर सरकला, पण तिने मूठ सोडली नाही, हेही बघून ठेवलं.

संध्याकाळी ७.०० – अलिबाग. सगळं सामान गोड्या पाण्याने धुऊन सावलीत टांगलं. खाऱ्या हवेत अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी बुरशी धरल्यासारखा थर येतो आणि स्प्रिंगा अडकतात. थायलंडच्या किनारी कड्यांवर तर स्टेनलेस स्टीलचे बोल्टही तडकले आणि त्या जागी टायटॅनियमचे बसवावे लागले.

८.३० – वहीत निकाल लिहिला. शिबिरासाठी ग्रिग्री घ्यायचं, ते फक्त नव्या दोरासोबत वापरायचं. दुहेरी दोरावर उतरायला ते चालत नाही, त्यासाठी एटीसी सोबत हवीच. फिगर ऑफ एट रॅपलिंगपुरतं ठेवायचं, बिलेसाठी अजिबात नाही. नवशिक्याच्या मागे खालचा दोर धरून दुसरा माणूस उभा असलाच पाहिजे.

मुलांना शिबिराला पाठवणाऱ्या आईवडिलांनी सामान कुठल्या कंपनीचं आहे हे नंतर विचारावं. आधी विचारावं, माझं मूल चढत असताना खालचा दोर कोण धरणार, आणि त्याच्या मागे कोण असणार?