गृहीत धरलेलीं हत्यारें

नाशिकचा आचारी परगांवीं लग्नाच्या स्वयंपाकास निघाला, म्हणजे झारे बरोबर नेतो. पाणी व सरपण यजमानाकडे असेलच असें धरतो. राउटरसारख्या लहान यंत्रांसाठीं लिनक्स प्रणाली रचणाऱ्या, २०१० सालीं आरंभिलेल्या ‘योक्टो’ प्रकल्पाची रीत अशीच आहे. ज्या संगणकावर ही रचना चालते तो यजमान. योक्टो पुष्कळ हत्यारें स्वतः घडवितो. परंतु ‘गिट’सारखीं कांहीं यजमानाकडे आहेतच असें मानून त्यांचीं नांवें ‘अझ्यूम प्रोव्हायडेड’ या यादींत घालतो. यादी वाढविल्यास वेळ वाचतो. पण हत्यार नसलें किंवा जुनें निघालें, तर काम मध्येंच अडतें. यास्तव, विद्यार्थ्यांनो, गृहीत धरावें तें आधीं पारखूनच.