नव्या ट्रॉलीची कडी बाजूस दिसल्यास काय करावे?

नवी ट्रॉली दारात आली म्हणजे शेतकरी तिचा रंग पाहतो, फाळके हलवून पाहतो, टायर नवे आहेत की नाहीत हे पाहतो. दांडीच्या टोकाची कडी मात्र सहसा कोणी पाहत नाही. पुढे पाचदहा खेपा झाल्यावर मागून येणारा एखादा गाडीवान सांगतो की, ट्रॉली तिरकी चालते. तेव्हा कडीकडे लक्ष जाते आणि ती मध्यावर नसून अंगुळभर बाजूस आहे असे दिसते. मग ती तापवून घणाने सरळ करण्याची घाई होते. ही घाई करू नये. कडी बाजूस असणे आणि ट्रॉली तिरकी चालणे हे दोन निरनिराळे दोष आहेत, आणि पुष्कळदा पहिला दिसतो म्हणून दुसऱ्याचे खापर त्यावर फुटते. मापे घेतल्यावाचून कोणत्याही भागास हात लावू नये, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

जोडाचा हा प्रश्न केवळ शेतीच्या गाड्यांपुरता नाही. मीरा रोडच्या पूर्वेकडील बेव्हर्ली पार्कपासून काशीमीऱ्यास गेले असता मुंबई-अहमदाबाद महामार्गावर कंटेनर वाहणाऱ्या लांबलचक गाड्यांची रांग दिसते. त्यांतील पुष्कळ गाड्या न्हावाशेवा बंदरास जातात अथवा तेथून येतात. या गाड्यांचा मागील भाग पुढील इंजिनाच्या गाडीवर एका सपाट गोल तबकावर टेकलेला असतो आणि त्याच्या तळची जाड खुंटी तबकाच्या खाचेत अडकते. या तबकास इंग्रजीत ‘पाचवे चाक’ म्हणतात; घोडागाडीचा पुढील कणा ज्या आडव्या चक्रावर फिरे त्यावरून हे नाव पडले. अशा जोडगाडीच्या प्रसारात अमेरिकेतील डेट्रॉइट शहरच्या ऑगस्ट फ्रूहॉफ यांचे नाव प्रमुख आहे. ते मूळचे लोहार होते. १९१४ साली एका लाकूडव्यापाऱ्याची होडी वाहून नेण्यासाठी त्यांनी मोटारीमागे जोडावयाची गाडी बांधली. या गाड्यांचे कारागीर खुंटीच्या मध्यापासून पुढील कण्याच्या दोन्ही टोकांपर्यंतचे अंतर मोजतात आणि त्यात अष्टमांश इंचाहून अधिक फरक राहू देत नाहीत. मागे दोन किंवा तीन कणे असल्याने ते परस्परांस समांतर नसतील तर टायर रस्त्यावर सतत घासत राहतात आणि लवकर झिजतात.

आपल्या दोनचाकी ट्रॉलीस एकच कणा असतो; म्हणून तिची गोष्ट थोडी निराळी आहे. कणा साट्याशी काटकोनात असून केवळ कडी एक इंच उजवीकडे असेल, तर चाके सरळच चालतात. सबंध ट्रॉली ट्रॅक्टरच्या मध्यरेषेपासून एक इंच डावीकडे सरकून, पण समांतर, मागे येते. त्याने टायर झिजत नाही. याउलट कडी अगदी मध्यावर असून कणाच तिरका बसला असेल, तर चाके आपल्या दिशेने जाऊ पाहतात आणि साटा तिरका होऊन चालतो. चाकांमधील अंतर ५ फूट असून कण्याचे एक टोक दुसऱ्यापेक्षा अर्धा इंच पुढे असले, तर कडीपासून १७ फुटांवरील शेपटी सुमारे पावणेदोन इंच बाजूस जाते. अरुंद फरशीवरून किंवा बांधाच्या कडेने जाताना, अथवा ट्रॉली मागे घेताना, याचा त्रास होतो. दोन कण्यांच्या ट्रॉलीत तर टायरही खाल्ले जातात.

मोजण्यापूर्वी ट्रॅक्टर निर्दोष आहे याची खात्री करावी. कित्येक ट्रॅक्टरांची ओढपट्टी डावीउजवीकडे सरकू शकते. तिची खीळ मधल्या भोकात आहे की नाही ते पाहावे. ट्रॉलीच्या दोन्ही टायरांत हवा सारखी असावी, कारण एक टायर बसका असला तरी ट्रॉली एका अंगास कललेली दिसते.

मग रिकामी ट्रॉली सपाट फरशीवर उभी करून ट्रॅक्टर सोडावा, चाकांस दगड लावावेत आणि दांडीखाली भक्कम टेकू द्यावा. ओळंब्याने सर्व बिंदू जमिनीवर उतरवून खडूने खुणा कराव्यात. गुंठा मोजताना ३३ फुटी साखळीचा चौरस खरा आहे की नाही हे जसे दोन्ही कर्णांवरून कळते, तसेच येथेही आहे. माप क्रमाने घ्यावे:

१. साट्याच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे नसतील तर चौकटच वाकडी आहे. पुढील मापांस अर्थ नाही.

२. चौकटीच्या पुढील दोन्ही कोपऱ्यांपासून त्या त्या बाजूच्या चाकाच्या तुंब्याच्या मध्यापर्यंत मोजावे. येथे फरक आला तर कणा तिरका आहे.

३. कडीच्या मध्यापासून दोन्ही तुंब्यांपर्यंत मोजावे. पहिली दोन मापे जुळून केवळ येथे फरक आला, तर दांडी किंवा कडी बाजूस आहे. कडी ते कणा १० फूट आणि चाकांमधील अंतर ५ फूट असेल, तर या मापातील अर्ध्या इंचाचा फरक म्हणजे कडी सुमारे एक इंच बाजूस, असे समजावे.

कणा तिरका असेल तर उपाय सोपा आहे. स्प्रिंगच्या पाट्यांस कणा आवळणारे यू-बोल्ट सैल करून तो जागेवर आणावा, पुन्हा आवळावे, आणि पहिल्या भरल्या खेपेनंतर ते आणखी एकदा तपासावेत. कणा साट्यास जोडून टाकलेला असेल, अथवा दांडी बुडापासून वाकडी असेल, तर जोडकाम कापून पुन्हा करणे हे बांधणाऱ्याचे काम आहे. कडी तापवून वाकवू नये. तापविल्याने पोलादाचे पाणी उतरते आणि पुढे ओझ्याखाली तडा जातो. कडी व हुक जुळत नाहीत म्हणून बारीक खीळ घालणे त्याहून वाईट. सैल खीळ प्रत्येक धक्क्यास आपटते. खीळ भोकाच्या मापाची असावी, तिला खालून अडकवण असावी, आणि निराळी साखळी लावावी.

बाजूच्या इंचापेक्षा उंचीचा फरक अधिक घातक असतो. भरल्या ट्रॉलीची दांडी जवळजवळ आडवी राहिली पाहिजे. माल मागे फार असेल तर बैलगाडीप्रमाणे ट्रॉली उलाळ होते, ट्रॅक्टरची मागील चाके हलकी पडतात आणि चढावर घसरतात. कडी खाली पडते म्हणून तिला ट्रॅक्टरच्या वरच्या दांड्यास जोडणे कधीही करू नये. मागील चाकांच्या कण्यापेक्षा उंच जागेवरून ओढ घेतली असता ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन चालकाच्या अंगावर उलटतो. बाजूच्या दोषाने टायर जातो, उंचीच्या दोषाने माणूस जातो.

शेवटी कागदाची गोष्ट. ट्रॉलीची नोंदणी होण्यापूर्वी, शक्य तर पूर्ण रक्कम देण्यापूर्वी, वरील मापे दोन साक्षीदारांसमक्ष घेऊन तारखेसह लिहून ठेवावीत आणि बांधणाऱ्यास लेखी कळवून त्याची पोच घ्यावी. तोंडी ‘बघू’ म्हटलेले पुढे उपयोगी पडत नाही. बांधणाऱ्याने दुरुस्ती नाकारल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः वापरावयास घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानली जात नाही, हेही ध्यानात असावे. मात्र आधी स्वतःच घण मारला असेल, तर दोष मूळचा होता हे सिद्ध करणे कठीण होते. म्हणून मापाची फीत प्रथम, कागद त्यानंतर, आणि हत्यार सर्वांत शेवटी, हा क्रम सोडू नये.