‘जन्म पेठेत गेला, ते कुठे हरवणार?’

पुण्यातील बुधवार पेठेसारख्या जुन्या वस्तीत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाविषयी एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘जन्म पेठेत गेला, ते कुठे हरवणार?’ तांबड्या जोगेश्वरीपासून अप्पा बळवंत चौकापर्यंतची वाट ज्याच्या पायाखालची आहे, त्याला एकट्याने बाहेर सोडण्यात धोका नाही, असा त्याचा अर्थ असतो. आणि निदान झाल्यावरही, डॉक्टरांनी बजावल्यावरही ते तितक्याच खात्रीने उच्चारले जाते. ही समजूत साफ चुकीची आहे. या विकारात माणूस परक्या गावात जसा हरवतो, तसाच स्वतःच्या गल्लीतही हरवतो.

स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया, हे एका आजाराचे नाव नसून स्मृती, भाषा, निर्णयशक्ती आणि दिशाभान हळूहळू हिरावून घेणाऱ्या अनेक मेंदूविकारांचे सामायिक नाव आहे, आणि अल्झायमर हा त्यांपैकी सर्वाधिक आढळणारा विकार आहे. पेठेतल्या समजुतीला बळ मिळते ते एका खऱ्या निरीक्षणातून: रुग्णाला सकाळी काय जेवलो हे आठवत नाही, पण शाळेतल्या मास्तरांची नावे आठवतात, म्हणून घरच्यांना वाटते की जुन्या आठवणी शाबूत आहेत तर जुनी वाटही शाबूत असणार. परंतु वाट आठवणे आणि वाट काढणे ही मेंदूची दोन वेगळी कामे आहेत. घरी परतायचे तर आपण या क्षणी कोठे आहोत, किती वळणे घेतली, कशासाठी निघालो होतो, हे सतत ध्यानात धरावे लागते आणि वळण चुकले तर ते ओळखून सुधारावे लागते. रुग्णाला नेमके हेच जमेनासे होते. हाइको आणि एव्हा ब्राक या जर्मन संशोधकांनी १९९१ मध्ये दाखवून दिले की अल्झायमरमध्ये पेशींत साचणारे प्रथिनांचे गुंते सुरुवातीलाच एन्टोरायनल कॉर्टेक्स या मेंदूच्या आतल्या भागात आणि त्याच्या लगत आढळतात. आणि जागेचे मोजमाप ठेवणाऱ्या ज्या पेशींच्या शोधाबद्दल मे-ब्रिट व एडवर्ड मोसर यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक जॉन ओकीफ यांच्यासह मिळाले, त्या पेशी याच भागात आहेत. म्हणजे मास्तरांची नावे टिकून असतानाच आतले होकायंत्र बिघडलेले असू शकते.

त्यातच शाबूत राहिलेली जुनी आठवण रुग्णाला सावरण्याऐवजी चकवते, कारण ती ज्या पेठेची असते ती पेठ आता जागेवर नाही. वाडे पाडून इमारती उभ्या राहिल्या; मेट्रोच्या आराखड्यात बुधवार पेठ या नावाने असलेले भुयारी स्थानक २९ सप्टेंबर २०२४ रोजी मार्ग खुला झाला तेव्हा कसबा पेठ म्हणून ओळखले जाऊ लागले; आणि शिवाजी रस्ता व बाजीराव रस्ता एकेरी वाहतुकीचे असल्याने ज्या रस्त्याने बस नेते त्याच रस्त्याने ती परत आणत नाही, ही निरोगी माणसाला सहज उमजणारी गोष्ट रुग्णाला थांब्यावर तासन्‌तास ताटकळत ठेवू शकते.

‘ते भटकत नाहीत, फक्त दूध आणायला जातात’ हा बचावही टिकत नाही. मेरेडिथ रो यांनी सहकाऱ्यांसह अमेरिकी वृत्तपत्रांतील बातम्यांच्या आधारे २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की येरझाऱ्या घालण्याची सवय आणि हरवणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अनेक रुग्ण नेहमीचे, घरच्यांना ठाऊक असलेले काम करतानाच बेपत्ता झाले. दहा वेळा सुखरूप परतलेला माणूस अकराव्या वेळी परतेलच, याची हमी आधीच्या दहा वेळा देत नाहीत. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात संस्कृतचे वृद्ध प्राध्यापक, मुलगी खरेदीला गेली असताना, मोटारीतून उतरून हत्तीच्या मागे चालू लागतात; हरवायला लागतात ती काही मिनिटेच.

म्हणून ‘घरच्यांनी लक्ष दिले नाही’ हा शेजारपाजारचा निवाडा क्रूर आहे. जपानमध्ये २००७ साली एक ९१ वर्षांचा रुग्ण पत्नीचा थोडा वेळ डोळा लागला असताना घराबाहेर पडला आणि रेल्वेखाली सापडला. रेल्वे कंपनीने कुटुंबाकडे भरपाई मागितली, खालच्या न्यायालयांनी ती पूर्णतः वा अंशतः मान्यही केली, परंतु १ मार्च २०१६ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाला जबाबदारीतून मुक्त केले. चोवीस तास डोळ्यांत तेल घालून पहारा देणे कोणत्याही एका माणसाला शक्य नाही.

इतर समजुती थोडक्यात. ‘वय झाले की हे व्हायचेच’ हे खोटे आहे, कारण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लासी-डॅड या राष्ट्रीय पाहणीच्या अंदाजानुसार साठीपुढील भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के आहे, म्हणजे दहांपैकी नऊंहून अधिक वृद्धांना तो नाही. ‘बाहेरून कुलूप लावले की प्रश्न मिटला’ म्हणणाऱ्यांनी लाकडी जिन्याच्या वाड्यात आग लागल्यास काय होईल याचा विचार करावा. ‘खिशात मोबाइल आहे’ हा दिलासा मोबाइल वापरण्याचे भान टिकले आहे तोवरच खरा असतो. कपड्यांत शिवलेली नाव व दूरध्वनी क्रमांकाची पट्टी अधिक भरवशाची. ‘हाक मारली की ओ देतील’ हेही गृहीत धरू नये: शोधमोहिमांच्या नोंदी अभ्यासणारे रॉबर्ट कोस्टर सांगतात की असे रुग्ण बहुधा हाकेला उत्तर देत नाहीत आणि मदतही मागत नाहीत, त्यामुळे गणेशोत्सवाच्या गर्दीत ध्वनिक्षेपकावरून नाव पुकारून थांबणे पुरेसे नाही.

सर्वांत घातक समज मात्र ‘चोवीस तास झाल्याशिवाय पोलीस तक्रार घेत नाहीत’ हा आहे. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत किंवा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत बेपत्ता व्यक्तीच्या तक्रारीसाठी अशी अट कोठेही नाही. उलट २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात ‘मानसिक आजारा’च्या व्याख्येत दिशाभान आणि स्मृती यांच्या गंभीर बिघाडाचा समावेश आहे, आणि त्याच्या कलम १०० नुसार स्वतःची काळजी घेऊ न शकणारी अशी व्यक्ती फिरताना आढळल्यास तिला संरक्षणात घेऊन, कोठडीत न ठेवता, चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत नेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे, तिच्या कुटुंबाचा शोध घेणेही त्यांच्यावर बंधनकारक आहे. चोवीस तासांची मुदत कायद्याने पोलिसांना घातली आहे, कुटुंबाला नाही. तेव्हा बुधवार पेठेतील कुटुंबाने आसपासच्या गल्ल्यांत दिवसभर शोधत न बसता ११२ क्रमांकावर कळवावे आणि फरासखाना पोलीस ठाण्यात ताबडतोब ‘मिसिंग’ची नोंद करावी. ती करताना अलीकडचे छायाचित्र, अंगावरच्या कपड्यांचे वर्णन आणि आजाराचे नाव तर द्यावेच, शिवाय केवळ सध्याचा पत्ता न देता बालपणीचा वाडा, बाई असल्यास माहेर, निवृत्तीपूर्वीचे कार्यालय आणि तेथे जाण्याचा जुना बसमार्गही सांगावा, कारण रुग्ण अनेकदा त्या जुन्या पत्त्याकडेच निघालेला असतो.