गूळ, रसवंती आणि बाबांची शुगर

आज जरा घरचंच सांगतो. मागच्या वर्षी बाबांना डायबेटिस निघाला. आमच्या साकोलीच्या घरात त्याच दिवशी साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला आणि चहात गूळ आला. "गूळ नॅचरल आहे, त्यानं काही होत नाही," हे सगळ्यात आधी मीच म्हणालो होतो. वर उन्हाळ्यात रोज रसवंतीचा एक ग्लास. तीन महिन्यांनी एचबीएवनसी केली, तर आकडा 7.4 वरून 8.3. बाबा काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले.

मग मी वाचायला बसलो. घोळ 'नॅचरल' या एका शब्दात होता. पेरू चावून खाल्ला तर त्यातली साखर चोथ्यासोबत पोटात जाते, रक्तात हळूहळू उतरते, आणि दोन पेरूंत पोट भरतं. उसाचं उलट. चोथा चरकाच्या मागं पडतो, साखर तेवढी ग्लासात येते. 100 मिलीत 13 ते 15 ग्रॅम, म्हणजे मोठ्या ग्लासात सात-आठ चमचे! आणि गूळ म्हणजे तोच रस आटवलेला. थोडं लोह, थोडी खनिजं असतात, नाही म्हणत नाही. बाकी बहुतेक साखरच.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 मध्ये याची मर्यादा सांगितली. वरून घातलेली साखर, गूळ, मध, पाक, फळांचा रस, हे सगळं एकाच हिशेबात. अख्खं फळ आणि साधं दूध त्यात धरत नाहीत. हे सगळं मिळून दिवसाच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत, जमलं तर 5 टक्के, म्हणजे साधारण 25 ग्रॅम. पाच-सहा चमचे फक्त. बाबांचा चार कप चहा, कपाला दोन चमचे गूळ. दुपारपर्यंतच कोटा संपत होता ना भाऊ!

आता आपल्याकडचा प्रश्न: मोहफुलं? मार्च-एप्रिलमध्ये पहाटे वेचलेलं ताजं फूल चघळलं तर ती फुलातलीच साखर. पण वाळलं की वजनाचा मोठा हिस्सा साखरेचाच उरतो, आणि उकळून पाक केला की तो गुळाच्याच रांगेत बसतो. डायबेटिसवाल्यानं मूठभर खायची वस्तू नाही ती.

पाकीट घेताना मागची बाजू बघा. 'एकूण साखर' आणि 'अ‍ॅडेड शुगर' अशा दोन वेगळ्या ओळी असतात. समजा गोड दुधाच्या बाटलीवर 100 मिलीला एकूण 14 आणि अ‍ॅडेड 9 लिहिलंय, तर मधले 5 दुधाचे स्वतःचे. भांडण त्या 9 शी. आकडा 100 मिलीचा आहे आणि बाटली 200 ची, हेही विसरू नका. मी विसरलो होतो. घटकांच्या यादीत ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप दिसलं तर तीही साखरच, नाव तेवढं वेगळं.

परवाच्या तपासणीत बाबांचा आकडा 7.1 आला. डॉक्टरांनी गोळीही वाढवली होती, त्यामुळे सगळं श्रेय मी घेत नाही. चहा आता बिनगुळाचा. रसवंतीचे घुंगरू वाजले की मात्र पाय थांबतात त्यांचे. मग एकच ग्लास घेतो आम्ही, दोन घोट बाबांचे, बाकीचा माझा.