२२९ डॉलर आणि त्यामागचे खजिने

इटलीच्या उत्तरेला ब्रेशिया नावाचं औद्योगिक शहर आहे. २५ नोव्हेंबर २००८ रोजी तिथल्या पैसे पाठवण्याच्या एका दुकानातून वेस्टर्न युनियनमार्फत २२९ डॉलर अमेरिकेतल्या एका कंपनीला गेले. ही कंपनी इंटरनेटवरून फोन करण्याची सोय पुरवायची. त्याआधीचा २५० डॉलरचा हप्ता पाकिस्तानातून मनीग्रामनं पोचला होता. दुसऱ्या दिवशी रात्री ताज, ट्रायडंट-ओबेरॉय आणि नरिमन हाउसमध्ये शिरलेल्या मारेकऱ्यांना सीमेपलीकडे बसलेले सूत्रधार ज्या फोनवरून सूचना देत होते, त्याचं बिल या पैशांतून भागलं होतं. त्या तीन दिवसांत मुंबईनं १६६ माणसं गमावली. जानेवारी २००९ मध्ये भारतानं पाकिस्तानच्या हाती पुराव्यांचं जे बाड ठेवलं, त्यात या दोन्ही रकमांचा तपशील होता.

दहशतवादाला फारसा पैसा लागत नाही, असा अर्थ या आकड्यांवरून अनेकांनी काढला. तो अर्धाच खरा आहे. प्रत्यक्ष हल्ल्याला थोडा खर्च येतो, पण हल्लेखोर तयार करायला वर्षं लागतात. जागा लागते, शाळा लागते, प्रवचनकार लागतात, छापखाना लागतो, मेलेल्याच्या घरी महिन्याच्या महिन्याला काहीतरी पोचवावं लागतं. एवढा खर्च वर्षानुवर्षं चालवायचा तर एखाद्या सरकारचा खजिना तरी पाठीशी हवा, नाहीतर त्या सरकारचा कानाडोळा तरी हवा.

लाहोरजवळच्या मुरीदकेचं उदाहरण घ्या. लष्कर-ए-तय्यबाची मातृसंघटना असलेल्या जमात-उद-दावाचं विस्तीर्ण आवार तिथे आहे. शाळा, दवाखाना, शेती, मशीद, सगळं एका कुंपणात. मुंबईवरील हल्ल्यानंतर पंधरवड्यातच, १० डिसेंबर २००८ रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या निर्बंध समितीनं जमात-उद-दावा हे लष्करचंच दुसरं नाव असल्याचं नोंदवलं. त्यानंतर पाकिस्तानातल्या पंजाब प्रांताच्या सरकारनं २००९-१० या वर्षात याच आवारातल्या संस्थांना ८ कोटींहून अधिक पाकिस्तानी रुपये दिले. जून २०१० मध्ये ही नोंद अर्थसंकल्पाच्या कागदांतून चव्हाट्यावर आली. प्रांताच्या कायदामंत्र्यांचा खुलासा असा की, संस्था आता सरकारी देखरेखीखाली आहेत आणि पैसे शिक्षणासाठी व उपचारांसाठी आहेत.

पाणी मुरतं ते इथेच. कोणतंही सरकार दहशतवादाच्या नावाखाली अर्थसंकल्पात तरतूद करत नाही. पैसा जातो तो शाळेच्या, दवाखान्याच्या, भूकंपग्रस्तांच्या, प्रार्थनास्थळाच्या नावानं, आणि त्यातला बराचसा खरोखरच तिथे खर्च होतो. २००५ च्या काश्मीर भूकंपात जमातच्या रुग्णवाहिका डोंगराळ भागात फिरत होत्या, हे खोटं नव्हतं. शिकवलेली मुलं आणि बरे केलेले रुग्ण पुढे संघटनेची ढाल होतात, आणि बाहेरच्या देशानं बोट ठेवलं की तीच ढाल पुढे केली जाते.

काही पैसा मात्र असल्या आडपडद्याशिवायही जातो. डेव्हिड हेडली यानं अमेरिकेत दिलेल्या कबुलीनुसार, मुंबईची पाहणी करण्यासाठी त्याला सुमारे २५ हजार डॉलर मिळाले. ते देणाऱ्या ‘मेजर इक्बाल’ला त्यानं पाकिस्तानची गुप्तचर संस्था आयएसआयचा अधिकारी म्हटलं. या पैशातून त्यानं ताडदेवला परदेशी व्हिसाचं कार्यालय थाटलं, ताजमध्ये मुक्काम केला, समुद्रात बोटीनं फिरून उतरण्याच्या जागा टिपल्या. २०१३ मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली. त्याचा साथीदार तहव्वुर राणा भारताच्या ताब्यात यायला एप्रिल २०२५ उजाडावा लागला.

ही व्यवस्था एकट्या पाकिस्ताननं उभी केलेली नाही. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि सौदी अरेबियाच्या तिजोरीत न मावणारा पैसा आला. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, त्याच नोव्हेंबरात मक्केच्या मुख्य मशिदीवर सशस्त्र बंडखोरांनी ताबा मिळवला, आणि वर्ष संपता संपता सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात उतरल्या. सौदी राजघराण्याला घरच्या कडव्या धर्मगुरूंना खूश ठेवायचं होतं, इराणला शह द्यायचा होता, शिवाय अमेरिकेला मदत करायची होती. देशोदेशी मशिदी, मदरसे, शिष्यवृत्त्या आणि फुकट पुस्तकं पाठवल्यानं तिन्ही कामं एकदमच साधत होती. अफगाण मुजाहिदांसाठी अमेरिका जेवढे डॉलर घालेल, तेवढेच सौदी अरेबियानं घालायचे असं ठरलं. वाटप आयएसआयकडे होतं, आणि तिनं सर्वांत मोठा वाटा गुलबुद्दीन हेकमतयारसारख्या कडव्या नेत्याच्या पदरात टाकला. जनरल झिया-उल-हक यांनी १९८० मध्ये बँकखात्यांतून परस्पर जकात, म्हणजे इस्लाममधलं सक्तीचं दान, कापायचा कायदा केला आणि त्या निधीचा एक भाग मदरशांकडे वळवला.

अमेरिकेचा हात केवळ शस्त्रांपुरता नव्हता. अमेरिकी सरकारच्या मदत-संस्थेनं १९८४ ते १९९४ या काळात नेब्रास्का विद्यापीठाला अफगाण शिक्षणासाठी सुमारे ५ कोटी १० लाख डॉलर दिले. त्यातून निर्वासितांच्या छावण्यांत वाटलेल्या प्राथमिक पुस्तकांत मुलं जिहादवरून अक्षरं शिकत होती आणि बंदुका, काडतुसं मोजत बेरीज-वजाबाकी करत होती. गणिताच्या एका पुस्तकात कलाश्निकोव्हमधून सुटलेल्या गोळीचा वेग देऊन, ती समोरच्या रशियन सैनिकाच्या कपाळात शिरायला किती सेकंद लागतील, असं उदाहरण मुलांना घातलं होतं. तालिबान सत्तेवर आल्यावरही हीच पुस्तकं चालू राहिली. त्यांनी फक्त माणसांची चित्रं खोडली. सरकारी पैशानं विद्यापीठातल्या तज्ज्ञांकरवी लहान मुलांच्या हातात असं गणित ठेवावं, याला कोणत्याही शीतयुद्धाची सबब पुरणार नाही.

युरोपात याच पैशाचा प्रवास सभ्य वाटांनी झाला. १९६७ मध्ये सौदी राजे फैसल बेल्जियमच्या भेटीवर आले होते. त्यानंतर ब्रसेल्सच्या सैंकांतनेर उद्यानातली एकोणिसाव्या शतकातल्या प्रदर्शनाची जुनी इमारत ९९ वर्षांच्या बिनभाड्याच्या करारानं सौदी अरेबियाला मिळाली आणि १९७८ मध्ये तिथे भव्य मशीद सुरू झाली. बेल्जियमला तेलाची निश्चिंती हवी होती, शिवाय मोरोक्को आणि तुर्कस्तानातून आलेल्या कामगारांच्या प्रार्थनेची सोयही आयतीच होत होती. ते कामगार ज्या सौम्य परंपरेत वाढले, तिचा आखाती प्रवचनकारांच्या शिकवणीशी काही संबंध आहे का, हे कुणी त्यांना विचारलंच नाही. २२ मार्च २०१६ च्या हल्ल्यांत ब्रसेल्समध्ये ३२ जणांचा बळी गेल्यावर संसदेनं चौकशी नेमली, आणि मार्च २०१८ मध्ये सरकारनं करार संपवत असल्याचं जाहीर केलं. तोवर रियाधमधले वारेही फिरले होते, त्यामुळे हे प्रकरण चिघळलं नाही. त्याच महिन्यात सौदी युवराज मोहम्मद बिन सलमान यांनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ला सांगितलं की, परदेशांतल्या मशिदी-मदरशांवरची गुंतवणूक शीतयुद्धाच्या काळात मित्रदेशांच्याच सांगण्यावरून झाली होती. युवराजांनी यात सौदीचा स्वतःचा स्वार्थ झाकला खरा, पण मित्रदेशांबद्दलचं त्यांचं म्हणणं नाकारता येत नाही.

ब्रिटननं तर चौकशीचा अहवालच दाबून ठेवला. अतिरेकी संघटनांना परदेशातून कुठून पैसा येतो याचा शोध घेण्याचं आश्वासन डेव्हिड कॅमेरॉन सरकारनं २०१५ मध्ये दिलं होतं. जुलै २०१७ मध्ये गृहमंत्री अँबर रड यांनी अहवाल प्रसिद्ध न करता त्याचा थोडक्यात सारांश संसदेपुढे ठेवला. सौदीला विकल्या जाणाऱ्या शस्त्रांमुळे सरकार गप्प असल्याचा आरोप विरोधकांनी केला. राष्ट्रीय सुरक्षा आणि लोकांच्या वैयक्तिक माहितीचं कारण पुढे करून सरकारनं तो फेटाळला. अहवाल मात्र आजवर बाहेर आलेला नाही.

इराणचं प्रकरण यापेक्षा उघड आहे. जून २०१६ मध्ये लेबनॉनमधल्या हिजबुल्ला संघटनेचे तेव्हाचे प्रमुख हसन नसरल्ला यांनी जाहीर भाषणातच सांगितलं की, संघटनेचं अंदाजपत्रक, पगार आणि क्षेपणास्त्रं सगळं इराणकडून येतं. कतारला शेजाऱ्यांनी जून २०१७ मध्ये वाळीत टाकलं. अतिरेक्यांना पैसा पुरवल्याचा आरोप ठेवून सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहारीन आणि इजिप्त यांनी १३ मागण्यांची यादी दिली, तीत अल जझीरा वाहिनी बंद करण्याचीही मागणी होती. आरोप करणाऱ्यांत सौदी अरेबियाच पुढे होता. जगभरच्या सुन्नी दहशतवादी गटांना सर्वाधिक पैसा सौदीतल्याच देणगीदारांकडून मिळतो, असं अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या २००९ मधल्या गोपनीय तारेत लिहिलेलं होतं. जानेवारी २०२१ मध्ये अल-उला इथे समेट झाला. पैशाच्या मूळ प्रश्नाचं काय झालं, हे कुणी सांगितलं नाही.

या पैशाचे पहिले बळी मुसलमानच ठरले, हे आपल्याकडच्या चर्चेत नेहमी निसटतं. २०१० मध्ये लाहोरच्या दाता दरबारात स्फोट झाले, २०१७ मध्ये सेहवानला लाल शाहबाज कलंदरच्या दर्ग्यात धमाल या सुफी नृत्याच्या वेळी ८० हून अधिक भाविक गेले, आणि डिसेंबर २०१४ मध्ये पेशावरच्या लष्करी शाळेत १३० हून अधिक मुलं मारली गेली. ज्या दर्ग्यांत कव्वाली चालते, बायाबापड्या नवस बोलतात, तोच इस्लाम कडव्यांना आधी संपवायचा आहे.

मग मुत्सद्देगिरीनं काय केलं? सुरक्षा परिषदेनं १९९९ मध्ये १२६७ क्रमांकाचा आणि सप्टेंबर २००१ मध्ये १३७३ क्रमांकाचा ठराव करून दहशतवाद्यांचा पैसा गोठवण्याचं बंधन सर्व देशांवर घातलं. पण यादीत नाव घालायला समितीचं एकमत लागतं. जैश-ए-मोहम्मदच्या मसूद अझरचं नाव घालण्याचा प्रयत्न २००९ पासून चालू होता आणि चीन दर वेळी खोडा घालत होता. पुलवामात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान गेल्यावरही मार्च २०१९ मध्ये चीननं पुन्हा अडवलं. १ मे २०१९ रोजी तो एकदाचा बाजूला झाला. दहशतवादाविरुद्धच्या सर्वंकष कराराचा मसुदा भारतानं १९९६ मध्ये मांडला, ते घोंगडं अजून भिजतच पडलं आहे.

पाकिस्तानला खरा चिमटा बसला तो पॅरिसमधून. जी-७ देशांनी १९८९ मध्ये काळ्या पैशावर नजर ठेवायला वित्तीय कृती दल, म्हणजे एफएटीएफ, स्थापन केलं. त्याच्याकडे ना फौज आहे ना न्यायालय. पण त्यानं एखाद्या देशाला करड्या यादीत टाकलं की परदेशी बँका त्या देशाशी होणारा प्रत्येक व्यवहार दोनदा तपासतात, कर्ज महागतं, व्यापाऱ्यांची पतपत्रं रखडतात. जून २०१८ मध्ये पाकिस्तान या यादीत गेला, कारण त्या फेब्रुवारीत चीन आणि सौदी अरेबिया यांनी पाठराखण सोडली आणि तुर्कस्तान एकटा पडला. यादीतून बाहेर पडण्यासाठी आधी २७ आणि नंतर ७ कलमांची पूर्तता करायची होती.

त्या चार वर्षांत पाकिस्तानात जे घडलं, ते आधीच्या दहा वर्षांत घडलं नव्हतं. लष्करचा संस्थापक हाफिज सईद याच्यावर अमेरिकेनं २०१२ मध्ये एक कोटी डॉलरचं इनाम लावलं, तरी तो लाहोरात सभा घेत फिरत होता. जुलै २०१९ मध्ये त्याला अटक झाली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये शिक्षा झाली, तीही दहशतवादाला पैसा पुरवल्याच्या गुन्ह्यात. ऑगस्ट २०२० मध्ये पाकिस्तान सरकारच्या अधिसूचनेत दाऊद इब्राहिमचा कराचीतला पत्ता छापून आला. १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गमावलेल्या मुंबईला तो केव्हाचा माहीत होता. लगोलग परराष्ट्र खात्यानं खुलासा केला की, संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला तपशील जसाच्या तसा उतरवला आहे, तो कबुलीजबाब नव्हे. मुंबई हल्ल्याचा सूत्रधार साजिद मीर मेला, असं पाकिस्तान सांगत आला होता. २०२२ मध्ये त्याच साजिद मीरला तिथल्या न्यायालयानं गाजावाजा न करता शिक्षा ठोठावली. धोरण बदललं असं यावरून म्हणता येणार नाही. पण देशाच्या पतीवर गदा आली की तुरुंगाची दारं उघडतात, एवढं सिद्ध झालं.

या यशाचं श्रेय घेण्याची घाई भारताला नडलीसुद्धा. पाकिस्तान करड्या यादीत राहिला तो आपल्या प्रयत्नांमुळे, असं परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर जुलै २०२१ मध्ये भाजपच्या नेत्यांपुढे बोलले. एफएटीएफवर राजकारणाचा प्रभाव आहे, या आपल्या तक्रारीला इस्लामाबादनं हेच विधान पुरावा म्हणून जोडलं. अशा संस्थेचं वजन तिच्या तांत्रिक निःपक्षपातावर असतं, ते जपणं भारताच्याच हिताचं होतं.

२१ ऑक्टोबर २०२२ रोजी पाकिस्तान यादीतून सुटला. बरोबर आठवड्यानं, २८ ऑक्टोबरला, सुरक्षा परिषदेची दहशतवादविरोधी समिती मुंबईत ताजमध्येच भरली. तिथे सदस्यांना एक ध्वनिफीत ऐकवण्यात आली. नरिमन हाउसमधल्या मारेकऱ्यांना फोनवरून आज्ञा देणारा साजिद मीरचा आवाज तिच्यात होता.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये दहशतवाद्यांनी २६ जणांना मारलं, त्यांत डोंबिवली, पुणे आणि पनवेलचे मिळून सहा जण महाराष्ट्रातले होते. ७ मे रोजी भारतानं मुरीदकेवर हल्ला केला. दोनच दिवसांनी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या मंडळानं पाकिस्तानला सुमारे एक अब्ज डॉलरचा हप्ता मंजूर केला. भारत मतदानात तटस्थ राहिला. मुरीदकेतली पडलेली मशीद सरकारी खर्चानं पुन्हा बांधू, असं पाकिस्तानच्या एका केंद्रीय मंत्र्यानं तिथे जाऊन सांगितलं.

एफएटीएफनं जूनमध्ये पहलगामचा निषेध करताना म्हटलं की, पैसा आणि तो फिरवण्याचे मार्ग असल्याशिवाय असा हल्ला होऊ शकत नाही. जुलै २०२५ च्या अहवालात सरकारांकडून मिळणाऱ्या पाठबळाचा स्वतंत्र विचार झाला, ही नवी गोष्ट आहे. पुलवामाच्या स्फोटकातली ॲल्युमिनियमची भुकटी ऑनलाइन बाजारातून मागवली गेली होती, हेही त्यात नोंदलं आहे. ऑक्टोबरमध्ये संस्थेच्या अध्यक्षांनी बजावलं की, यादीतून सुटलेल्या देशाला कवच मिळालेलं नाही.

भारताची बाजू कागदावर भक्कम आहे, पण तिच्यातही एक फट आहे. सप्टेंबर २०२४ च्या मूल्यमापनात एफएटीएफनं भारताला वरच्या गटात बसवलं, आणि त्याच अहवालात काळ्या पैशाचे व दहशतवादाला पैसा पुरवण्याचे खटले वर्षानुवर्षं रेंगाळतात, ते निकाली काढा, असंही सांगितलं. पॅरिसच्या टेबलावर पाकिस्तानविरुद्ध पुढचा कागद ठेवताना समोरचा देश आधी याच परिच्छेदावर बोट ठेवेल. त्याला उत्तर परराष्ट्र खात्याला देता येणार नाही. ते मुंबई, दिल्ली आणि जम्मूच्या विशेष न्यायालयांतल्या निकालांतूनच द्यावं लागेल.